तीर्थनसाठी दोन हाती हलका रॉड, ठाण्यात सराव कसा करायचा?

घोडबंदरकर: एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउट माशांच्या फ्लाय फिशिंगसाठी जातोय. काठावर मागे झाडं, डोक्यावरून लाइन मागे फेकायला जागाच नाही, म्हणून ११ फुटी, ३ वेटचा (वेट म्हणजे रॉडला किती जड लाइन लागते तो आकडा) दोन हाती रॉड घेतला. सोसायटीच्या हिरवळीवर स्पे कास्ट (लाइन पूर्ण मागे न फेकता पुढे टाकायची पद्धत) करतोय, पण लाइन पुढे जातच नाही. रॉड बदलू का?

गळवाला: अजिबात नको! स्पे कास्टमध्ये लाइनचं टोक पाण्याला चिकटतं, त्या ओढीनेच रॉड वाकतो. गवतावर ती पकड मिळत नाही. तलावाकाठी जा, फ्लायऐवजी (हुकवरचा नकली किडा) लोकरीचा तुकडा बांधा. लोक फिरत असतात, हुक नकोच. आणि खालचा हात पोटाकडे ओढा. बहुतेक जण वरच्या हाताने ढकलत बसतात.

नेरुळची मीनाक्षी: लाइन कोणती? दोन हाती ३ वेटला साधारण एकहाती ६ वेटइतकं वजन लागतं.

घोडबंदरकर: स्कॅजिट हेड (लाइनचा आखूड, जड पुढचा भाग) आहे, म्हणजे वजन पुरेसं. रविवारी पहाटेच उपवन तलावावर जातो. परवान्याचं काय?

गळवाला: हिमाचलच्या मत्स्य विभागाचा घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, एप्रिल चालेल.