आनुवंशिक की जनुकीय?

अंबाझरी:
गरोदर बायांसाठी एका पत्रकाचं भाषांतर करून राहिली. मूळ इंग्रजीत 'जेनेटिक' आहे, मी लिहिलं "गरोदरपणातल्या बीपीची आनुवंशिक कारणं". डॉक्टर मॅडमनी लाल रेघ मारली, म्हणे जनुकीय करा, आनुवंशिक वाचलं की बाई घरी जाऊन आईलाच विचारते "तुले होता का बीपी" अन् आई नाही म्हणाली की निवांत बसते. खरंच इतका फरक आहे का?

सावजी:
निदान 'आनुवंशिक' बरोबर लिहिलंत. पेपरात सर्रास अनुवांशिक छापतात. परिवारचं पारिवारिक होते, तसं अनुवंशचं आनुवंशिक, पहिलंच अक्षर लांबते. मधला 'वां' कुठून आला?

तर्रीपोहा:
तोंडातून आला बाप्पा! नागपूरच्या आख्ख्या महाल भागात कोणी आनुवंशिक म्हणताना दाखवा, तर्री माझ्याकडून.

पांढरा बगळा:
मॅडमचं बरोबर आहे. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर अन् लघवीत प्रोटीन, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात याचा धागा सापडला तो आईच्या नाही, बाळाच्या जनुकांत, 13 व्या गुणसूत्रावर एफएलटी1 जनुकाजवळ. या जनुकापासून बनणारं एक प्रोटीन वारेतून आईच्या रक्तात जास्त उतरलं की रक्तवाहिन्या बिघडतात. एकटं हेच कारण नाही, बारीकबारीक बरीच आहेत. पण बाळाची अर्धी जनुकं बापाची, म्हणजे नवऱ्याच्या वेळी सासूला हा त्रास होता का तेही विचारायला पाहिजे.

अंबाझरी:
मग तर आनुवंशिकच फिट बसतो ना, वंश आपल्याकडे बापाचाच धरतात 😄

पांढरा बगळा:
थांबा. बाळात 13 वं गुणसूत्र दोनऐवजी तीन आलं तरी आईला हा धोका वाढतो, अन् ते बहुतेकदा वारशानं येत नाही, बीज तयार होतानाच चूक होते. जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. फरक तो हा.

सावजी:
जनुकमधला 'जन्' अन् इंग्रजी जीन एकाच मुळाचे, म्हणून तो शब्द मलाही आवडतो. पण हे 'वारेतून' काय? वाचणारीला सोमवार-मंगळवार वाटेल.

तर्रीपोहा:
आमच्या गावाकडे प्लॅसेंटाले जार म्हणतात.

सावजी:
जार गाईची. बाईची वार.

तर्रीपोहा:
माझ्या आजीनं शंभरेक बाळंतपणं केली असतील, ती दोघींचीही जारच म्हणे. तिले जाऊन सांगा.

अंबाझरी:
अहो पत्रक उद्या छापायला जाते. जनुकीय लिहिलं तर माझ्या कामवाल्या ताईला कळन का? "रक्ताच्या नात्यातून येणारी" लिहू?

पांढरा बगळा:
मग तीन गुणसूत्रांचं बाळ सुटते.

सावजी:
अन् वर "होता का बीपी" लिहिलंय ते खटकलं. पुण्याची वहिनी म्हणते बीपी वाढलं.

तर्रीपोहा:
रक्तदाब वाढला तर बीपी पण वाढला!

सावजी:
असं कसं, ब्लडप्रेशर वाढलं म्हणतो ना आपण?

तर्रीपोहा:
तुम्ही म्हणत असाल.