रिसेप्शनला आलेख नको, नंबर हवा

कुणीतरी सुचवलंय की दवाखान्याच्या सॉफ्टवेअरच्या होमपेजवर महिन्याच्या उत्पन्नाचा आलेख टाका. तो डॉक्टरांच्या लॉगिनला शोभेल. मी गेली ६ वर्षं काउंटरवर बसतेय. सकाळी साडेदहाला समोर बारा जण, कानाला फोन, आणि प्रश्न दोनच: "डॉक्टर आले का?" आणि "माझा नंबर कितवा?" ही उत्तरं एकही क्लिक न करता दिसायला हवीत.

पान उघडताच कर्सर शोधायच्या चौकटीतच हवा. मोबाइल नंबरावरून शोधू द्या, पण एका नंबरावर अख्खं घर असतं: आजी, सून, दोन नातवंडं. म्हणून नावापुढे वय आणि मागच्या भेटीची तारीख दिसलीच पाहिजे. नाहीतर नातवाचा केसपेपर आजीच्या नावाने निघतो. (आमच्याकडे निघालाय. आजी हसल्या, डॉक्टर नाही.)

आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा नंबर, १४ आकडी; तो कुणाला पाठ असतो? काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेतलेला पेशंट आपोआप यादीत यावा, त्याची माहिती पुन्हा टाइप करायला लावू नका.

आणि "फक्त रिपोर्ट दाखवायचेत" म्हणणाऱ्यांना यादीत वेगळा रंग द्या. रांगेतली भांडणं तिथूनच सुरू होतात.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काही नाही, म्हणून कीबोर्डशेजारी माझी दोनशे पानी वही असते. डाव्या पानावर नंबर, उजव्या पानावर कुणाचे किती पैसे बाकी.