सायटिका: पाय ताणला की कळ पोटरीत उतरते, मग भुजंगासन चालेल का?

दुपारचा_चहा
वय ४२. दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत, तासभर दुचाकीवर. तीन आठवडे डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ, पावलाच्या करंगळीकडच्या कडेला मुंग्या. एमआरआयमध्ये एल५-एस१ची (कंबरेच्या सर्वांत खालच्या मणक्याखालची) गादी डावीकडे सरकलेली. पायात ताकद आहे, लघवी-संडासची तक्रार नाही. पावलाला टॉवेल अडकवून पाय सरळ वर ओढायचा व्यायाम दिलाय, ३० सेकंद, तीनदा. त्याने कळ वाढते. एक जण म्हणतो भुजंगासन कर, दुसरा म्हणतो अजिबात नको. शिवाय ट्रॅक्शनच्या (मशीनने कंबर ओढण्याच्या) दहा सिटिंग सांगितल्यात. नेमकं काय करावं?

पाठकणा
टॉवेल आधी बंद. मांडीमागचा स्नायू आखडलाय असं वाटतं, पण बहुतेक वेळा ओढ बसते ती गादीने दाबून सुजलेल्या नसेला. पाय वर असताना पाऊल स्वतःकडे वाकवा. कळ वाढली आणि पाऊल सैल सोडताच कमी झाली, तर ती नसच. चिडलेली नस ३० सेकंद ताणून धरली की ती आणखी चिडते.

आता भुजंगासन. त्यात पाठीचे स्नायू छाती उचलतात, हातांवर भार कमी. तुम्हाला हवं ते उलट: हातांनी उचलायचं, कंबर मेल्यासारखी ढिली. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांची ही पद्धत. पालथे झोपा, दोन-तीन मिनिटं. मग कोपरांवर तेवढाच वेळ. सोसलं तर तळवे खांद्यांखाली घेऊन हात सरळ करत छाती उचला. ओटीपोट जमिनीकडे लोंबू द्या, वर श्वास पूर्ण सोडा, एक-दोन सेकंदांत खाली. असं १० वेळा, दर दोन-तीन तासांनी. दिवसातून एकदाच ५० वेळा केलं तर उपयोग नाही.

चुका ठरलेल्या: कुल्ले आवळणे, अर्ध्यातच खाली येणे. आणि सर्वांत मोठी म्हणजे झाल्याझाल्या पोक काढून सोफ्यावर बसणे, त्याने केलेलं सगळं पुसलं जातं. उठतानाही आधी कुशीवर वळा.

दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठे सरकतंय ते बघा. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात आली तर दिशा बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे गेली आणि थांबल्यावरही तिथेच राहिली, तर व्यायाम बंद.

आरशात धड उजवीकडे कललेलं दिसतंय का? तसं असेल तर पालथं झोपण्याआधी उजवा खांदा भिंतीला टेकवा, पावलं फूटभर लांब ठेवा आणि कंबर हळूहळू भिंतीकडे ढकला, १० वेळा. हे न करता थेट मागे वाकलं की बऱ्याच जणांची कळ वाढते आणि दोष व्यायामाला जातो.

निळी_छत्री
पाठकणा यांच्याशी सहमत, फक्त हे वाचून कुणी आजीला पालथं घालू नका. साठीपुढची व्यक्ती, चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, तर मणक्यातली नलिका अरुंद झाल्याची शक्यता. त्यांना मागे वाकून त्रासच होतो. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं त्यांच्यासाठी.

कळ थोडी उतरली की नस सरकवायचा व्यायाम घ्या. खुर्चीत बसून डावा गुडघा सरळ करता करता मान वर, गुडघा वाकवताना हनुवटी खाली. दोन्ही एकदमच. नस एका टोकाला ओढली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला सैल मिळते, म्हणून ती ताणली न जाता सरकते. १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही धरून ठेवायचं नाही. पाय सरळ करताना मान खाली घातलीत तर पुन्हा तोच टॉवेल!

पाठकणा
ट्रॅक्शनचं राहिलं. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचे उपचार, टेन्स (त्वचेवरून विजेचे हलके झटके) आणि कंबरपट्टा देऊ नका असं स्पष्ट आहे. आपल्याकडे मात्र सिटिंग म्हटलं की मशीनच आठवतं. शेक घ्या, बरं वाटतं, पण तो व्यायामाची जागा घेत नाही. पैसे द्यायचेच तर हाताने तपासून व्यायाम शिकवणाऱ्याला द्या.

रात्री गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकणं टाळा. सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, वाकून फरशी पुसणं, सगळं सध्या बंद. शक्य तर कमोड वापरा. बसताना कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी, अर्ध्या तासाने उठून चार पावलं. सपाट रस्त्यावर १० मिनिटं चालणं, दिवसातून तीन-चार वेळा. दिवसभर पडून राहू नका.

दुपारचा_चहा
चार दिवस केलं. पोटरीतली कळ गेली, कंबर जास्त दुखते, मुंग्या तशाच. चालू ठेवू?

निळी_छत्री
ठेवा. मुंग्या सहसा सर्वांत शेवटी जातात. ताकद मात्र दर दोन दिवसांनी बघा: भिंतीचा आधार घेऊन एकेका पायाच्या चवड्यावर १० वेळा उठा. डावा पाय उजव्यापेक्षा लवकर थकू लागला किंवा टाचांवर चालताना पाऊल खाली पडू लागलं, तर व्यायाम थांबवून मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. मांड्यांच्या मधली जागा बधिर, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पाय लुळे, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इस्पितळ गाठा.