“बॅटरी नवीकोरी आहे, भिया!” : जुनी बाइक घेतानाचे अनुभव

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. भाचा अकोल्याहून इंदूरला शिकायला येतोय. भंवरकुआंजवळ खोली मिळाली, आता साहेबांना जुनी बाइक हवी आहे. बजेट पस्तीस हजार. इंजिन, टायर, कागदपत्रं यांवर सल्ला द्यायला आमच्या गल्लीतच पंचवीस तज्ज्ञ आहेत. बॅटरीचं नाव काढलं की मात्र जो तो “हजार-बाराशेचा मामला, बदलून टाकायची” म्हणून मोकळा होतो. माझा मामला साडेचार हजारांवर गेला होता, म्हणून हा धागा.

चार वर्षांपूर्वी विजय नगरातून दीडशे सीसीची गाडी घेतली. मालक कौतुकाने म्हणाला, “भिया, बैटरी अभी डलवाई है, आप तो बस पेट्रोल डालो.” सीट उघडून वॉरंटी कार्ड दाखवलं, तारीख महिन्याभरापूर्वीची. मी खूश. दीड महिन्यात सेल्फ टकटक करायला लागला. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली, तीही दोन महिन्यांत बसली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बॅटरीवाल्याने कार्ड बाजूला सारलं, गाडी चालू करून रेस दिली आणि बॅटरीला मीटर लावला. 12.3 व्होल्ट. म्हणाला, “बॅटरीचा काही दोष नाही हो, तिला कोणी जेवायलाच घालत नाहीये.” इंजिनातली वीज बनवणारी कॉइल जळालेली होती. नवी बॅटरी बघून मी हरखलो, पण आधीची का गेली हे विचारायचं सुचलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. फसला असाल तरी आणि थोडक्यात वाचला असाल तरी.

रामबागकर

मी विकणाऱ्याला फोनवरच सांगतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सुदामा नगरात एकांकडे सकाळी आठला पोचलो, हात लावला तर सायलेन्सर गरम. “आत्ताच पेट्रोल टाकून आणली, काका.” असू दे म्हटलं. बसलो, चहा घेतला, मग पोहे आले, तेही घेतले. गप्पांत सव्वा तास काढला. गाडी थंड झाल्यावर बटण दाबलं तर एक टक् आणि शांतता. मुलगा पटकन किक मारायला पुढे आला. पोहे मात्र छान होते.

सियागंजचा जुना वायरमन

अडतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो. भाच्याला म्हणावं, तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर घे, व्होल्टवर ठेव आणि बॅटरीला चारदा लाव.

पहिल्यांदा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न फिरवता. 12.6 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे चालेल, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इथे एक गंमत असते. विकणाऱ्याने नुकतीच चार्जरवर लावली असेल तर मेलेली बॅटरीही 13 दाखवते. इंजिन बंदच ठेवून हेडलाइट, तो तसा लागत नसेल तर इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा, दोन-तीन मिनिटं लावायचा, बंद करायचा, थोडं थांबून पुन्हा बघायचं. वरवरचं चार्ज उतरलं की खरा आकडा दिसतो.

दुसऱ्यांदा सेल्फ मारताना. आकडा खाली येणारच, पण 10 च्या आत गेला तर बॅटरीत दम नाही. विसावलेली असताना 12.6 आणि सेल्फला 8 दाखवणाऱ्या बॅटऱ्या मी शेकड्यांनी पाहिल्यात.

तिसऱ्यांदा इंजिन चालू असताना, चार-पाच हजार आरपीएमवर. 13.5 ते 14.5 मिळालं पाहिजे. रेस दिली तरी आकडा 12 मध्येच घुटमळत असेल तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेला तर आर आर युनिट, म्हणजे रेग्युलेटर, लगाम घालत नाहीये. ते जास्त वाईट. बॅटरी फुगते, बल्ब उडतात आणि मालक म्हणतो, “बल्बच हलके येतात आजकाल.” बॅटरीच्या बाजू फुगलेल्या आहेत का, हे हाताने चाचपून बघावं.

चौथ्यांदा सगळे दिवे लावून, ब्रेक दाबून. तेव्हाही रेसवर 13 च्या वर राहिला पाहिजे. आयडलला थोडा कमी आला तर घाबरू नये.

पलासियाची ताई

माझ्याकडे मीटर नव्हता, हॉर्न होता. संध्याकाळी गेले, इंजिन आयडलवर ठेवलं, इंडिकेटर लावला, ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजवला. मांजर म्यांव करतं तसा आवाज आला आणि इंडिकेटर लुकलुकायचा थांबला. विकणारा म्हणे, मॅडम, हॉर्न बदलून देतो. नको म्हटलं.

भाऊ, महू

ताई, हेडलाइट आयडलला मंद होतो म्हणून गाडी सोडू नका हं. जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर असायचा, बॅटरीवर नाही. तो रेसबरोबर वाढणार आणि कमी होणार, तो बिघाड नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाइट सतत चालू ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हापासूनच्या गाड्यांत त्याचा स्विचच नाही. इंडिकेटर आणि हॉर्न मात्र सहसा बॅटरीवरच, त्यामुळे तुमची मांजराची परीक्षा बरोबर.

आणि 2020 च्या एप्रिलनंतरची, बीएस-सिक्स, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर बॅटरीला जास्त जपा. पंप, इंजेक्टर, सगळं तिच्यावर. बॅटरी पूर्ण बसली तर धक्का मारूनही चालू होईल याची खात्री नाही. अनेकींना किकच नाही. आमची सिमरोलच्या घाटात बंद पडली होती. मागे ट्रकांची रांग आणि मी किक शोधतोय.

पीथमपूर, नाइट शिफ्ट

माझी गाडी चार्जिंग उत्तम करायची, 14.2. तरी सुट्टीचे चार दिवस उभी राहिली की मेलेली. तीन मेकॅनिक झाले, दोन बॅटऱ्या झाल्या. शेवटी स्वतः डोकं लावलं. मायनसची वायर काढली आणि वायर अन् टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर ठेवला. किल्ली बंद असतानाही 50 मिलिअँपिअर जात होते. नेहमीच्या बाइकला एक-दोन, फार तर काही मिलिअँपिअर पुरतात. हिशेब करा : 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. बॅटरी होती 5 ची. चौथ्या दिवशी राम म्हणणारच.

चोर निघाला आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म. त्याने रिमोट हरवला होता आणि अलार्म आहे हेच सांगितलं नव्हतं. टाकीखाली पट्टीने बांधून ठेवलेला. तेव्हापासून मी सीट काढून आधी काळी चिकटपट्टी शोधतो. जिथे चिकटपट्टी जास्त, तिथे कोणीतरी हात घातलेला असतो. हौसेचे फॉग लाइट, मोबाइल चार्जर, नाचणारे इंडिकेटर, सगळं थेट बॅटरीला आणि मध्ये फ्यूजही नाही.

(मीटर असा लावला असताना सेल्फ मारू नका. माझा फ्यूज उडालाय.)

लोकमान्य नगर

आमचे वडील तर चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघायचे. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. सोपं. मीटर कशाला?

सियागंजचा जुना वायरमन

अहो, नका करू! वडिलांच्या काळातल्या गाडीत खपून गेलं. आजच्या गाडीत वायर सुटली की व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू), मीटर कन्सोल, काहीही जाऊ शकतं. दुसऱ्याची गाडी बघायला गेलात आणि तिथेच कन्सोल जाळलात तर भरून द्याल का?

राजवाड्याजवळचा

हा अनुभव फक्त इंदूरकरांनाच यायचा. एप्रिलमध्ये गाडी घेतली. पावसाळा लागला आणि चार्जिंग कधी आहे, कधी नाही. उघडून बघतो तर आर आर युनिटच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, गुलाबी चिखल! रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरच्या फवाऱ्याखाली गाडी उभी होती म्हणे. गुलाल आणि पाणी कपलरमध्ये शिरलं, पिना हिरव्या पडल्या आणि एक पिन तापून वितळली होती. बाहेरून गाडी मात्र चकाचक, पॉलिश केलेली. कपलर दिसत असेल तर ओढून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तिथे आग धुमसून गेली आहे.

अन्नपूर्णाचे काका

बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअरचा काटा असायचा. मी वडिलांच्या मागे बसून मान लांब करून तोच बघायचो. रेस दिली की काटा उजवीकडे, हॉर्न दिला की डावीकडे. तेव्हा चार्जिंग डोळ्यांना दिसायचं.

आणि अॅसिडवाली बॅटरी असेल तर प्लेटा पाण्यात बुडालेल्या आहेत का बघा. शेजाऱ्याने नळाचं पाणी घातलं होतं. नर्मदामैया पिण्यासाठी हो, बॅटरीला डिस्टिल्डच लागतं.

खंडवा रोड

इथे सगळे थंड गाडी, थंड गाडी म्हणतायत. मी गरम गाडीमुळे फसलो, म्हणजे गरम करून न बघितल्यामुळे. थंड इंजिनवर 14.1, बॅटरी 12.7, सेल्फ एका झटक्यात. पैसे दिले. पहिल्याच रविवारी मांडूला निघालो. जाताना काही नाही, दुपारी परतताना धारजवळ चहाला थांबलो आणि सेल्फ गेला. धक्का मारून चालू केली, घरी आलो. सकाळी मीटर लावला तर पुन्हा 14.1! मला वाटलं मलाच भास झाला.

असं तीनदा झालं. मग छोट्या ग्वालटोलीतल्या एका कारागिराने गाडी अर्धा तास फिरवून आणायला लावली आणि मगच मीटर लावला. 12.6, 12.5, उतरतच होता. मॅग्नेटोचा कपलर सोडून तीन पिवळ्या वायरींवर एसी व्होल्टेज मोजला. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आला. त्यातली एकही वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे कॉइल ठीक. आर आर युनिट तापल्यावर झोपायचं. नवं बसवलं, नऊशे रुपये, विषय संपला. तोवर धक्के मारून पाठ गेली होती ते वेगळं. म्हणून राऊपर्यंत तरी चालवून आणा आणि परत आल्यावर लगेच मीटर लावा. विकणारा लांब न्यायला नको म्हणत असेल तर त्याला मागे बसवा.

धागाकर्ता

मंडळी, रविवारी बघून आलो. गाडी रामबागेतल्या मराठी घरातली, आजोबा चालवायचे. आदल्या दिवशी फोन करून ठेवल्यामुळे इंजिन थंडगार. उभी असताना 12.5, सेल्फला 10.4, रेसवर 14, दिवे लावून 13.6. राऊला जाऊन आलो, मागे आजोबांचा नातू. परत आल्यावर 13.9. बॅटरी तीन वर्षांची जुनी, कार्डावर आजोबांच्या अक्षरात पाणी बघितल्याच्या तारखा!

भाचा मात्र नाराज. त्याला भंवरकुआंची दुसरी आवडलीय, निळी, जाड टायर, “बॅटरी नवीन”. आज संध्याकाळी तिकडे चाललोय. मीटर खिशात आहे.