शुद्ध परंपरा नेमकी कुठे शोधायची?

वसाहतवादातून सुटलेल्या देशांतल्या कलाकारांनी पाश्चात्त्य तंत्र टाकून शुद्ध परंपरेकडे परतायला हवं होतं, असं एक मत मांडलं जातं. ते मला पटत नाही. नायजेरियाचं उदाहरण घ्या. १९५८ मध्ये झारियाच्या महाविद्यालयात कला शिकणाऱ्या तरुणांनी स्वतःचा गट काढला. शिक्षण सगळं ब्रिटिश वळणाचं. पण त्यांच्यातल्या उचे ओकेके यांनी १९६० मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, स्पष्ट भूमिका मांडली: जुन्यातलं आणि परक्यांकडून आलेलं, दोन्हींतलं सकस ते निवडून घ्यायचं. नायजेरियातल्या इग्बो समाजातल्या बायका अंगावर आणि भिंतींवर 'उली'च्या नाजूक रेषा काढत. त्याच रेषा ओकेके यांनी शाईने कागदावर आणल्या. याला मी नक्कल म्हणणार नाही, आणि माघार तर मुळीच नाही.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? 'आफ्रिकी' म्हणून ओळखलं जाणारं मेणछाप रंगीबेरंगी कापड मुळात इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या बाटिकची युरोपात यंत्रावर केलेली नक्कल. डच आणि इंग्रज गिरण्यांनी ते पश्चिम आफ्रिकेत विकलं, तिथल्या लोकांनी ते आपलंसं केलं. ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे यांनी २०१० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या जहाजाची प्रतिकृती बाटलीत उभी केली, तेव्हा शिडांवर हीच नक्षी होती. साम्राज्याचा सगळा व्यापार त्या शिडांत दिसतो.

मेक्सिकोतल्या दिएगो रिव्हेरा या चित्रकाराच्या भित्तिचित्रांवर मात्र वेगळी चर्चा हवी. तिथे भिंत सरकारची होती, आणि राष्ट्राची ओळख कोण ठरवतंय हा प्रश्न तिथे जास्त अवघड होतो.