फोटो नाही म्हणून नोंदच नाही?

शिवारफेरी: डिसेंबरात आमच्या तालुक्यात रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं दुर्मीळ छोटं घुबड, पाहिला. इथे त्याची आजवर नोंद नाही. सागाच्या वाळक्या फांदीवर उन्हाला बसला होता. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे आणि ती शेपटी सारखी डावी-उजवी हलवत होता. साधा पिंगळा आमच्या अंगणात रोज असतो, मी गल्लत करणार नाही. वीस मिनिटं दुर्बिणीतून पाहिलं, तिथेच वहीत चित्र काढलं. कॅमेरा नव्हता. नोंद पाठवली तर ‘पुरावा नाही’ म्हणून बाजूला ठेवली. महागडी लेन्स नसलेल्याच्या डोळ्यांना किंमतच नाही का?

पिंपळपार: किंमत आहे, पण याच पक्ष्याच्या बाबतीत आपण पोळलो आहोत. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाने 1914 साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो नमुना (आत भरण घालून जपलेला पक्षी) जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्या संग्राहकाने 1880 च्या दशकात खान्देशात गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला. ही लबाडी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केली. ती खोटी नोंद वगळून, जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढत त्या बेन किंग यांच्यासोबत गेल्या, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ हा नामशेष समजला गेलेला पक्षी पुन्हा सापडला. एका खोट्या ठिकाणाने केवढी दिशाभूल होते बघा.

शिवारफेरी: पण तो तर हातात धरता येणारा पुरावा होता! चिठ्ठीसकट. तरी खोटा निघाला.

पिंपळपार: हातात धरता येत होता म्हणूनच पकडला गेला. क्ष-किरणांत आतली डेव्हिडसनच्या पद्धतीची बांधणी दिसली. तुमची आठवण उद्या कोण तपासणार? तुमच्यावर संशय नाही, पण शंभर वर्षांनी वाचणारा तुम्हाला ओळखत नसेल.

कातळसडा: मला दोघांचंही अर्धंच पटतं. 2014 मध्ये रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला, सातपुड्यातल्या नेहमीच्या ठिकाणांपासून कितीतरी दूर. म्हणजे ‘इथे असूच शकत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. पण पुराव्याच्या हट्टापायी माणसं मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला बोलावतात, त्याचं काय? आपल्या हद्दीत परका आला समजून तो खाणं सोडून धावून येतो. मी असा एक पिंगळा पाहिलाय. चोच उघडी, नुसता इकडून तिकडे उडत होता. तसल्या फोटोपेक्षा जागेवर लिहिलेली वही मला जास्त मोलाची वाटते.

पिंपळपार: हाक वाजवायची नाही, हे कबूल. पण तो आपणहून ओरडला तर मोबाइलवर आवाज टिपता येतोच की. त्याला कुठे लेन्स लागते?

शिवारफेरी: हे डोक्यात आलं नव्हतं. रविवारी पहाटे परत जातो, लांबच बसेन. पण वहीचं ते पान नोंदीला जोडलंच पाहिजे, तारीख-वेळेसकट, ‘अनिश्चित’ शेरा मारून का होईना. आणि ठिकाण जाहीर करणार नाही, तालुक्याचं नावसुद्धा नाही.