शीतून रक्त: केमिस्टच्या गोळीवर थांबू नका

ताई, १४ महिन्यांच्या बाळाला कालपासून चिकट, रक्ताचे जुलाब होतायत आणि केमिस्टने मेट्रोनिडॅझोल (अमीबावर चालणारं औषध) दिलंय, असं तुम्ही लिहिलंत. कृपया आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एवढ्या लहान मुलांत आव-रक्त बहुतेक वेळा शिगेलासारख्या जिवाणूंमुळे पडतं, अमीबा त्या मानाने कमी. मेट्रोनिडॅझोल शिगेलावर चालत नाही. कुठलं अँटिबायोटिक, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील, कारण ई. कोलाय जिवाणूच्या काही प्रकारांत अँटिबायोटिकने किडनीला धोका वाढू शकतो.

तोवर ओआरएस. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्याचमच्याने. (टेट्रापॅकमधली गोड पेयं नकोत.) अंगावरचं दूध चालू ठेवा, मऊ भातही द्या. झिंक रोज २० मिग्रॅ, जुलाब थांबले तरी १४ दिवस. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडसारखी औषधं मुळीच नकोत.

एक गोष्ट मात्र नीट बघा: बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग मलूल पडतं, उलट्या होतात, शी लालभडक जेलीसारखी? मग आतडं आतड्यात अडकलेलं असू शकतं. सोनोग्राफीत कळतं, पण तासातासाला महत्त्व आहे. अशा वेळी थेट मुंबईतलं परळचं वाडिया किंवा सायन हॉस्पिटल, जे जवळ असेल ते. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तरीही तसंच.

शी कडक आणि वर फक्त रक्ताची रेघ असती, तर बद्धकोष्ठामुळे शीच्या जागी पडलेली चीर म्हटलं असतं. तुमचं वर्णन तसं नाही.